फोटो उलटा धरणारी बाई

निंबधोंडच्या पूर्वेला गायरान आहे, चाळीस एकरांचं. परक्या माणसाला तिथं बघण्यासारखं काही सापडणार नाही. बोरीची झुडपं, घायपात, शेळ्यांनी ओरबाडून खुजी करून ठेवलेली बाभळ, आणि या सगळ्यांच्या मधून वळत गेलेला जमिनीचा एक लांबट फुगवटा. गुडघाभर उंच, कुठं कुठं तेवढाही नाही. गाव त्याला म्हसपाठ म्हणतं. लांबून बघितलं तर म्हैस पाण्यात बसली आहे आणि तिची पाठ तेवढी वर राहिली आहे, असं वाटतं.

अकरा घरांची शेरडंमेंढरं या गायरानावर जगतात. पावसाचं पाणी म्हसपाठीला अडतं, थोडं तिथंच मुरतं आणि खाली गावाच्या बारवेत निघतं. बारव आटली की खालची आळी टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसते.

हे गायरान सपाट होणार होतं. ते होऊ नये म्हणून एक बाई भांडली. ती कशी भांडली ते सांगायचं आहे, पण आधी ती कोण, हे सांगायला पाहिजे.

सिल्व्हियाबाई खालच्या आळीतल्या. वय एकोणसत्तर. गावात त्यांचं नाव धड कुणाच्या जिभेवर बसत नाही. म्हातारी माणसं शिलवाबाई म्हणतात, बाकीचे नुसतं बाई म्हणतात. त्यांचे वडील एलिया मास्तर रविवारी आळीतल्या दगडी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि सहा दिवस दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचे. पोरीचा हात सरळ चालतो, हे त्यांनी तिच्या पाटीवरच ओळखलं. रेघ मारायला सांगितली की ही पोर पट्टी मागायची नाही. त्यांनी तिला मिशनच्या बोर्डिंगात घातलं आणि तिथून ती नगरला एका नकाशांच्या हापिसात ट्रेसर म्हणून लागली.

ट्रेसरचं काम म्हणजे साहेबानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा अर्धपारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचा. श्वास रोखून रेघ ओढायची, रेघ संपली की श्वास सोडायचा. शाई ओघळली तर ब्लेडनं खरवडायची, पण कापडाला भोक पडता कामा नये. एकतीस वर्षं बाईंनी हे केलं. जिल्ह्यातले निम्मे ओढे आणि टेकड्या त्यांच्या बोटांखालून गेल्या.

त्या हापिसात लाकडी पेटीत विमानातून काढलेले जुने फोटो असायचे. काळेपांढरे, मिठाईच्या खोक्याच्या झाकणाएवढे. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि वर दोन भिंगांची घोडी उभी करायची. भिंगातून बघितलं की सपाट कागदातून डोंगर उठून नाकाशी येतात. बाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी मान झटकन मागं घेतली होती. साहेब हसले.

“बाई, तुम्ही रेघा ओढा,” ते म्हणाले. “वाचायचं काम आमचं.”

बाई रेघा ओढत राहिल्या. पण दुपारी साहेब लोक चहाला गेले की त्या घोडीपाशी जायच्या. कुणी शिकवलं नाही. ओल्या जमिनीचा काळसरपणा, पडीक शेताचा भुरकटपणा, पायवाटेची पांढरी दोरी, बांधाची सावली, हे सगळं त्या आपल्या आपण ओळखायला शिकल्या. ओळखीच्या जागा आधी शोधायच्या, मग तिथून अनोळखी जागेत पाऊल टाकायचं, ही त्यांची रीत. एकदा घाईत एकच फोटो हातात धरून त्या बघत होत्या, तर भंडारदऱ्याकडचे सगळे डोंगर त्यांना खड्ड्यात गेलेले दिसले आणि दऱ्या वर आलेल्या. घाबरून त्यांनी फोटो फिरवला. डोंगर पुन्हा जागेवर उभे राहिले. मग त्या आठवडाभर फोटो फिरवत बसल्या आणि त्यातली गोम त्यांनी शोधून काढली.

आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय असते. सूर्य वर, दिवा वर, खिडकी वर. हे फोटो थंडीच्या दिवसांत सकाळी काढलेले, तेव्हा ऊन दक्षिणेच्या अंगानं येतं आणि सावल्या उत्तरेकडं पडतात. फोटो शाळेतल्या नकाशासारखा उत्तर वर करून धरला की त्यातला उजेड खालून येतो. डोळा ते मानत नाही. उजेड वरूनच आलाय असं धरून चालतो, आणि मग टेकाडाचा खड्डा करतो, खड्ड्याचं टेकाड. असा एकटा फोटो बघायचा तर दक्षिण वर धरून बघायचा. बाईंनी हे साहेबाला सांगितलं नाही. विचारलंच नव्हतं कुणी.

निवृत्त होऊन त्या निंबधोंडला आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. नवरा त्याआधीच गेलेला, मुलगी पुण्यात. बाई रोज सकाळी गायरानात चालायला जातात. पौषात ऊन तिरपं असताना म्हसपाठीची सावली जमिनीवर पडते, ती बघत उभ्या राहतात.

आक्काबाई तिथंच शेळ्या घेऊन असते. ती बाईंच्याच वयाची, धनगरवाड्यातली, तोंडाची फटकळ.

“काय हरवलं का वो?” तिनं एकदा विचारलं.

“हरवलं न्हाई, सापडलंय,” बाई म्हणाल्या. “आक्के, ही म्हसपाठ सरळ न्हाई बघ. घोड्याच्या नालासारखी वळलीय. मधीच फुटलीय. हा बांध हाय. हितं तळं हुतं.”

“मला काय सांगता? माझा आजा म्हनायचा, हितं म्हशी डुंबायच्या.”

“मग बोलली का न्हाईस कधी?”

“तुमी इचारलं व्हय कधी?”

बाईंना त्या दिवशी त्यांच्या आईचं बोलणं आठवलं. आई सांगायची, मोठ्या दुष्काळात तुझी पणजी गायरानात मातीच्या टोपल्या वाहायची, संध्याकाळी पदरात ओंजळभर ज्वारी मिळायची. कुठल्या गायरानात, कशासाठी, हे आईला माहीत नव्हतं. बाईंना आता ते माहीत झालं. त्या म्हसपाठीवर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

गेल्या वर्षी माघात ग्रामपंचायतीत कागद आला. एका कंपनीला गायरानावर सौर पाट्या बसवायच्या होत्या. त्यासाठी जमीन सपाट करायची होती. सोबत पाहणीचा अहवाल आणि त्यात एक मोठा करून छापलेला जुना हवाई फोटो, सन एकोणसाठचा, जानेवारीतला. सरपंच काकासाहेबांनी ग्रामसभा बोलावली. कंपनीचा पाहणी करणारा आदिनाथ म्हणून तिशीतला माणूस आला होता. नम्र, इस्त्रीचा शर्ट. त्यानं फोटो फळ्यावर चिकटवला आणि अहवाल वाचला.

“सदर छायाचित्रात दिसणारी वक्र रेषा हा बुजलेला जुना ओढा असून तिच्या बाहेरील ठिपके हे दगडांचे ढीग आहेत. सदर जागेत जलसाठ्याचे कोणतेही बांधकाम नव्हते. सपाटीकरणास हरकत नसावी.”

“ओढा?” आक्काबाई मागून म्हणाली. “नावच म्हसपाठ हाय की रं. पाठ खोल असती व्हय?”

लोक हसले. आदिनाथही हसला. “आजी, नावाचा पुरावा धरत नाहीत. फोटोत खोलगट दिसतंय. बघा तुम्हीच.”

माणसं फळ्यापाशी गेली. खरंच खोलगट दिसत होतं. वळणदार, खोल, बोटानं मातीत ओढलेल्या चरीसारखं. काकासाहेबांनी मान डोलावली. कंपनी सभामंडप बांधून देणार होती, त्यांच्या मनात सभामंडप उभा राहिला होता.

“ज्याची हरकत असंल त्यानं आत्ताच बोला,” ते म्हणाले.

सिल्व्हियाबाई उठल्या. फळ्यापाशी जाऊन त्यांनी फोटोच्या चारी चिकटपट्ट्या सोडवल्या, फोटो उलटा केला आणि पुन्हा चिकटवला. शांतपणे, एकेक पट्टी बोटानं दाबत.

“मॅडम, उलटा लावलात,” आदिनाथ म्हणाला. “उत्तर वर असते.”

“ती नकाशात. हा फोटो आहे. नकाशात ऊन नसतं, ह्यात आहे.”

सभेत खसखस पिकली. रंगनाथ म्हणून एक पुढारी आहेत, त्यांना वास्तूचं फार. ते म्हणाले, “बाई, दक्षिन वर नका करू. यमाची दिशा ती. गावाला बरं न्हाई.”

“रंगनाथराव, त्याच दिशेचं ऊन तुमच्या अंगणात येतं थंडीत. तेव्हा तर खाट टाकून बसता.”

आता सगळेच हसले, रंगनाथ सोडून. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काकासाहेबांना हात धरून पुढं आणलं.

“काकासाहेब, हे चर्च. त्याच्याखाली आमची आळी. ही पायवाट. आता हे चौकोनी काय?”

“बारव,” काकासाहेब म्हणाले. “आपली बारव.”

“कशी दिसती?”

“कशी म्हंजे? खोल. खड्डा.”

बाईंनी फोटो पुन्हा सोडवला आणि आदिनाथनं लावला होता तसा लावला. “आता बघा.”

काकासाहेबांनी बघितलं. डोळे बारीक केले, चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा बघितलं. बारव वर आली होती. चौकोनी ओट्यासारखी, जमिनीतून उठून.

“अरं तिच्या मायला,” ते हळूच म्हणाले.

“मग आता बारवंवर शिडी लावून चढायचं व्हय पान्याला?” आक्काबाई ओरडली, आणि सभा फुटली. माणसं एकमेकांना ढकलत फळ्याकडं गेली. कुणी फोटो असा लावी, कुणी तसा. बारव वर, बारव खाली. आणि बारव खाली गेली की प्रत्येक वेळी म्हसपाठ वर येत होती. घोड्याच्या नालासारखा बांध, मधोमध फुटलेला, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला दगडांचे ढीग नव्हे तर चौकोनी खड्डे. ओळीनं.

“त्या चौकड्या आहेत,” बाई म्हणाल्या. “दुष्काळी कामावर ज्याला त्याला आपापली चौकडी खणायला द्यायचे. चौकडीतली माती टोपलीत, टोपली डोक्यावर, डोक्यावरून बांधावर. मोजा पाहिजे तर. बेचाळीस दिसताहेत.”

आदिनाथचा चेहरा उतरला होता, पण तो मागं हटला नाही. “मॅडम, फोटो दोन्ही बाजूंनी वाचता येतो, एवढंच यातून सिद्ध होतं. बांधकामाची सरकारी नोंद आहे का कुठं?”

“नोंद ठेवणं त्यांचं काम होतं. माती वाहणं आमच्या माणसांचं. आमच्या माणसांनी आपलं काम केलं.”

त्या दिवशी ठराव झाला तो एवढाच, की तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन बघावं. पण त्या दिवसापासून गावात बाईंना कुणी नुसतं रेघा ओढणारी समजलं नाही.

अधिकारी आले ते फाल्गुनात. सोबत आदिनाथ आणि कंपनीचा जेसीबी, कारण हरकत नसली तर त्याच दिवशी काम सुरू करायचं ठरलं होतं. अख्खा गाव गायरानात जमला. आक्काबाईच्या शेळ्या जेसीबीभोवती फिरून बघत होत्या.

अधिकारी सरळ माणूस होता, पण घाईतला. त्यांनी फोटो उलटसुलट करून बघितला, बारवेचा चमत्कार बघून “वा” म्हणाले, आणि मग म्हणाले, “बाई, तुमचं डोकं चांगलं आहे. पण साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका फोटोतल्या सावलीवर मी शेरा कसा मारू?”

“मारू नका,” बाई म्हणाल्या. “ही मशीन आणलीच आहे. म्हसपाठीला आडवी चर मारा. ओढा असला तर तळाशी वाळू निघेल, पाण्यानं गोल झालेले गोटे निघतील. तसं निघालं तर मी स्वतः पहिला खुंटा ठोकून देते कंपनीला.”

“बाई!” काकासाहेब दचकून म्हणाले. “असं बोलू नका भर लोकांत.”

“का? तुम्हाला शंका आहे?”

“न्हाई, पर...”

“मग गप बसा.”

जेसीबीनं सोंड खाली टाकली. पहिला हात मुरमाड मातीचा निघाला, गायरानात सगळीकडं आहे तशी. दुसरा हात निघाला आणि चालकानं आपणहून मशीन थांबवलं. बाई पदर खोचून, काठी टेकत चरीत उतरल्या. आदिनाथनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला.

चरीच्या भिंतीला काळी आणि पिवळी ठिगळं दिसत होती. गोधडीला लावावीत तशी, एकावर एक, वेडीवाकडी. प्रत्येक ठिगळ टोपलीएवढं. कुणीतरी टोपली पालथी केली, वर दुसऱ्यानं केली, वर तिसऱ्यानं. आणि मधोमध नुसती काळी चिकण माती, उभ्या भिंतीसारखी, दाबून दाबून घट्ट केलेली. वाळू नव्हती. एकही गोटा नव्हता.

आक्काबाईही खाली उतरली. तिनं काळ्या मातीचं ढेकूळ फोडलं, वास घेतला, बोटांत मळलं.

“ही गायरानातली न्हवं,” ती म्हणाली. “ही नदीकडच्या मळ्यातली. हितं वर सगळा मुरूम हाय. सायेब, ही हितं कोन घेऊन आलं? ओढा मळ्यातनं चढावर येतो व्हय तुमच्याकडं?”

आदिनाथनं ढेकूळ हातात घेतलं. मग त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच म्हणाला, “सर, हा भराव आहे. माझं वाचन चुकलं. मी फोटो फिरवून बघितलाच नव्हता.”

हे बोलायला छाती लागते. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथंच ठेवून अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “आता लिहा.”

जेसीबीच्या पायरीवर बसून अधिकाऱ्यांनी पंचनामा लिहिला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. सगळं ठीक होतं. चर, माती, थर, फोटो, सगळं आलं होतं. शेवटी आलं, “यावरून सदर ठिकाणी बांधसदृश उंचवटा असल्याचे दिसून येते.”

पंच म्हणून काकासाहेब, रंगनाथ आणि आक्काबाई होते. काकासाहेबांनी सहीला पेन काढलं.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “सदृश काढा.”

“बाई, ती भाषा असते आमची. अर्थ तोच.”

“अर्थ तोच असता तर तुम्ही तीन अक्षरं जास्तीची लिहिली नसती. बांधसदृश म्हणजे बांधासारखा दिसणारा. बांधासारखा दिसणारा म्हणजे बांध नव्हे. उद्या दुसरा साहेब येईल, तो हे वाचेल आणि म्हणेल, दिसत होता फक्त. आणि मशीन सोडेल. मी एकतीस वर्षं तुमच्या लोकांचे कागद उतरवलेत. कुठला शब्द पुढं जाऊन भोक पाडतो, ते मला कळतं.”

“वरून विचारणा झाली तर मला अडचण होईल.”

“होऊ द्या. विचारलं तर सांगा, चरीत उतरून बघितलं.”

अधिकाऱ्यांनी काकासाहेबांकडं बघितलं. बाकी गावही त्यांच्याकडं बघत होतं. काकासाहेबांच्या हातात पेन होतं, टोपण उघडं. सभामंडप त्यांना त्या घटकेला दिसत असेलच. त्यांनी टोपण लावलं.

“सदृश असंल तर माझी सही न्हाई,” ते म्हणाले.

“माझीबी न्हाई,” रंगनाथ म्हणाले. त्यांनी असं म्हणावं, हे कुणाला वाटलं नव्हतं.

“माझा अंगठा तर लईच जड झालाय,” आक्काबाई म्हणाली आणि तो पदरात गुंडाळून घेतला.

ऊन डोक्यावर आलं होतं. अधिकाऱ्यांनी ‘बांधसदृश उंचवटा’ ह्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली, पुढं ‘मानवनिर्मित मातीचा जुना बांध व त्यामागे तळ्याची जागा’ असं लिहिलं आणि खोडलेल्या जागी आपली सही केली. पंचांनी सह्या केल्या. आक्काबाईचा अंगठा लगेच हलका झाला.

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. आदिनाथनं चालकाला खूण केली, तसा जेसीबी घरघरला आणि रस्त्याकडं वळला.

बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. काठी आडवी धरून.

“कुठं निघाला?”

“काम झालं ना, मॅडम,” चालक म्हणाला.

“झालं? बांध कापलात तो तसाच ठेवून जाता? येत्या पावसात ह्याच चरीतून पाणी वाहून जाईल, आणि मग होईल खराखुरा ओढा. बुजवा ती. काळी मधे, पिवळी कडेला, जशी निघाली तशी. आणि एकेका थरावर चाक फिरवून दाबा.”

“मॅडम, उद्या पाठवतो मी माणूस,” आदिनाथ म्हणाला.

“आज.”

चालकानं मशीन मागं घेतलं. बाई म्हसपाठीवर, चरीच्या काठाला दगडावर बसल्या. आक्काबाई शेजारी बसली आणि तिनं फडक्यातली भाकरी सोडली. एक थर पडला, दबला. दुसरा पडला, तेव्हा काळ्यात मुरूम मिसळला म्हणून बाईंनी तो पुन्हा काढायला लावला. चालक स्वतःशी काहीतरी पुटपुटला. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि काठीनं चरीची दुसरी कड दाखवली.